व्यवसायासाठी परवडणारी व्हिडिओ होस्टिंग सेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि संकेश्वर या भागांतील दुकानदार, कारखानदार आणि क्लासचालक यांची संकेतस्थळांची व व्हिडिओंची कामे करताना जे प्रश्न आमच्या कानावर पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. व्हिडिओ होस्टिंग म्हणजे आपला व्हिडिओ इंटरनेटवर साठवून तो पाहणाऱ्यांपर्यंत पोहोचवण्याची सेवा. बहुतेक परदेशी कंपन्यांचे दर डॉलरमध्ये असतात; हिशेबाच्या सोयीसाठी एक डॉलर ९० रुपयांचा धरला आहे. दर बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी त्या कंपनीचे ताजे दरपत्रक उघडून पाहावे.

यूट्यूब फुकट असताना पैसे कशासाठी मोजायचे?

आमच्याकडे हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आम्ही पैसे मोजू नका असेच सांगतो. ज्याला रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्या कोणालाही आपला माल दाखवायचा आहे, त्याच्यासाठी यूट्यूबइतकी सोयीची जागा दुसरी नाही. नव्या खात्यावरून १५ मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ चढवता येतो आणि फोन नंबरची पडताळणी केली की ही मर्यादा १२ तास किंवा २५६ जीबी, यांपैकी जे आधी भरेल तिथपर्यंत जाते. बेळगावातील शहापूर-वडगावच्या साड्या विकणाऱ्याला याहून अधिक काय हवे?

अडचण वेगळ्या ठिकाणी येते. आपल्या चॅनेलवर कमाई सुरू नसली तरी व्हिडिओवर जाहिरात दाखवण्याचा हक्क यूट्यूबने आपल्या अटींमध्ये राखून ठेवला आहे, त्यामुळे आपल्या साडीच्या आधी दुसऱ्याच दुकानाची साडी दिसू शकते. संकेतस्थळावर एम्बेड केलेला, म्हणजे आपल्या पानातच बसवलेला, व्हिडिओ संपल्यावर इतर व्हिडिओ सुचवले जातात. २०१८ पासून एम्बेडच्या पत्त्यात एक छोटी सूचना जोडून ते आपल्याच चॅनेलपुरते मर्यादित ठेवता येतात, पण पूर्णपणे बंद करता येत नाहीत. तिसरी गोष्ट पार्श्वसंगीताची. गणेशोत्सवातील सवलतीची जाहिरात करताना एखादे प्रसिद्ध गाणे मागे लावले, तर यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा ते ओळखते आणि त्या व्हिडिओच्या जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात किंवा व्हिडिओ बंद पडतो. मालकाने रीतसर तक्रार केली तर चॅनेलला स्ट्राइक, म्हणजे अधिकृत ताकीद, मिळतो, आणि ९० दिवसांत असे तीन स्ट्राइक झाले की संपूर्ण चॅनेल जाऊ शकतो.

तेव्हा व्हिडिओ ही आपल्या मालाची जाहिरात असेल तर यूट्यूब पुरेसे आहे. व्हिडिओ हाच माल असेल, किंवा तो फक्त ठरावीक खरेदीदारालाच दाखवायचा असेल, तर पुढचे प्रश्न वाचावेत.

यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवलेला व्हिडिओ खासगी असतो का?

नसतो. अनलिस्टेड म्हणजे तो शोधात येत नाही, एवढेच. ज्याच्या हाती लिंक पडेल तो कोणीही तो पाहू शकतो आणि पुढेही पाठवू शकतो. प्रायव्हेट हा पर्याय खरोखर बंदिस्त असतो, मात्र त्यात प्रत्येक पाहणाऱ्याचा ईमेल पत्ता स्वतः भरावा लागतो आणि त्याचे गूगल खाते असावे लागते, त्यामुळे दहा-वीस माणसांपलीकडे तो व्यवहार्य राहत नाही.

व्हॉट्सअॅप किंवा गूगल ड्राइव्हवर भागत नाही का?

चार-पाच गिऱ्हाइकांपुरते भागते. व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ पाठवला तर तो दाबून लहान केला जातो आणि दर्जा उतरतो. डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते, पण ती समोरच्याला आधी पूर्ण उतरवून घ्यावी लागते. ड्राइव्हवर १५ जीबी जागा फुकट मिळते, मात्र त्यातच जीमेल आणि फोटोही मोजले जातात, आणि एकाच फाइलवर फार लोक तुटून पडले की ड्राइव्ह ती काही काळ दाखवायचे थांबवते. ज्या दिवशी गर्दी हवी असते, नेमका त्याच दिवशी हा दगाफटका होतो.

मग स्वस्त सेवा कोणती?

कंपनीचे नाव पाहण्याआधी आपला व्हिडिओ महिन्याला एकूण किती मिनिटे पाहिला जाणार आहे, हे कागदावर लिहून काढावे. बिलाचे मुख्य भाग दोन असतात: व्हिडिओ साठवण्याचे भाडे आणि तो पाहणाऱ्यापर्यंत पोहोचवण्याचा खर्च. साठवण्याचे भाडे सहसा किरकोळ असते. खरी रक्कम पोहोचवण्यात जाते, आणि ती काही कंपन्या जीबीवर मोजतात तर काही मिनिटांवर. या दोन मोजमापांतील फरक लक्षात न घेता केलेली तुलना म्हणजे एका दुकानातील किलोचा भाव दुसऱ्या दुकानातील डझनाच्या भावाशी जुळवण्यासारखे आहे.

उदाहरण म्हणून एक मिठाईवाला घेऊ. कढईतला खवा ढवळता ढवळता बदामी होतो आणि कुंद्याला (बेळगावच्या खव्याच्या मिठाईला) दाणा सुटतो, हे दाखवणारा त्याचा तीन मिनिटांचा व्हिडिओ आहे आणि महिन्याला एक हजार लोक तो शेवटपर्यंत पाहतात, असे समजू. म्हणजे पाहिलेली मिनिटे झाली ३,०००. ७२०पी दर्जाचा (उभ्या दिशेने ७२० ठिपके असलेला; हा आकडा जितका मोठा तितके चित्र स्पष्ट) व्हिडिओ साधारण २.५ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला २.५ मेगाबिट वेगाने (आठ बिटांचा एक बाइट), जातो असे धरले, तर एका मिनिटाला सुमारे १९ एमबी आणि हजार वेळा पाहण्याला सुमारे ५६ जीबी लागतात.

क्लाउडफ्लेअरची स्ट्रीम ही सेवा मिनिटांवर चालते: साठवलेल्या १,००० मिनिटांमागे ५ डॉलर आणि पाहिलेल्या १,००० मिनिटांमागे १ डॉलर. म्हणजे आपल्या मिठाईवाल्याला ५ अधिक ३ असे ८ डॉलर, सुमारे ७२० रुपये पडतील. बनी ही युरोपातील सेवा जीबीवर चालते आणि आशियात पोहोचवण्याचा तिचा नेहमीचा दर जीबीला ०.०३ डॉलर आहे. त्या हिशेबाने ५६ जीबीचे सुमारे १.७० डॉलर, म्हणजे दीडशे रुपयांच्या आसपास होतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: दरपत्रकावर ठळक छापलेला दर पुष्कळदा युरोप-अमेरिकेचा असतो. याच सेवेचा तिकडचा दर ०.०१ डॉलर, म्हणजे आपल्या तिसऱ्या हिश्श्याचा आहे. आपले पाहणारे बेळगाव, कोल्हापूर, हुबळी आणि पुण्यात आहेत, तेव्हा आशियाच्या रकान्यातलाच आकडा घ्यावा.

आमचा क्लास आहे. आम्हालाही हाच हिशेब लागू होतो का?

हिशेबाची रीत तीच, पण निकाल पार बदलतो. टिळकवाडीत किंवा निपाणीत स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे, १०० तासांची व्याख्याने नोंदवलेली आहेत आणि २०० विद्यार्थी रोज एक तास, म्हणजे महिन्याला ३० तास पाहतात, असे धरू. पाहण्याचे तास ६,००० आणि मिनिटे ३,६०,००० होतात.

मिनिटांच्या दराने पोहोचवण्याचे ३६० डॉलर आणि ६,००० मिनिटे साठवण्याचे ३० डॉलर, असे एकूण ३९० डॉलर, म्हणजे सुमारे ३५,००० रुपये महिन्याला लागतील. जीबीच्या दराने उत्तर व्हिडिओच्या दर्जावर ठरते. ४८०पी दर्जात, म्हणजे सुमारे १ एमबीपीएसने, २,७०० जीबी लागतात आणि पोहोचवण्याचे बिल ८१ डॉलर, म्हणजे साधारण ७,३०० रुपये होते. ७२०पी ठेवला तर ६,७५० जीबी होऊन तेच बिल १८,००० रुपयांच्या वर जाते. १०८०पीमध्ये, सुमारे ५ एमबीपीएसने, १३,५०० जीबी होऊन बिल ३६,००० रुपयांवर पोहोचते, आणि तेव्हा मिनिटांची सेवाच किंचित स्वस्त पडते.

फळ्यावरील गणिताला १०८०पीची गरज नसते, हे आमचे स्पष्ट मत आहे. फळा नीट उजेडात असेल, खडूची अक्षरे मोठी असतील आणि सरांच्या शर्टला माइक लावलेला असेल, तर ४८०पी फोनच्या पडद्यावर व्यवस्थित वाचता येतो. विद्यार्थ्यांच्या तक्रारी चित्राबद्दल क्वचितच येतात. त्या आवाजाबद्दल येतात. दर्जाची वरची मर्यादा बहुतेक सेवांच्या सेटिंगमध्ये बांधून देता येते, आणि ती पहिल्याच दिवशी बांधावी, कारण दोन महिन्यांनी बिल पाहून बांधली तर गेलेले पैसे परत येत नाहीत.

ठरावीक वार्षिक रकमेत सर्व काही अमर्याद देणाऱ्या योजनांवर विश्वास ठेवावा का?

अटी शेवटपर्यंत वाचून ठेवावा. व्हिमिओ ही २००४ पासूनची जुनी आणि नीटनेटकी सेवा आहे. तिचा प्लेअर स्वच्छ आहे, मध्ये जाहिराती येत नाहीत आणि छोट्या कंपनीच्या संकेतस्थळाला ती शोभते. मात्र तिच्या नेहमीच्या योजनांमागे महिन्याला २ टीबी (सुमारे २,००० जीबी) बँडविड्थची, म्हणजे पाहणाऱ्यांपर्यंत पोहोचवलेल्या डेटाची, मर्यादा उभी असते, आणि २०२२ मध्ये अनेक व्हिडिओकारांना ती ओलांडल्याबद्दल अचानक मोठ्या रकमा मागितल्या गेल्यामुळे बराच गदारोळ झाला होता. मिठाईवाल्याचे ५६ जीबी या मर्यादेच्या जवळपासही जात नाहीत. वरील क्लासचे २,७०० जीबी मात्र पहिल्याच महिन्यात ती ओलांडतील. शिवाय २०२५ मध्ये इटलीतील बेंडिंग स्पून्स कंपनीने व्हिमिओ विकत घेतली. मालक बदलला की दर आणि योजना बदलण्याची शक्यता गृहीत धरावी, आणि एकदम तीन वर्षांचे पैसे भरण्याच्या मोहात पडू नये.

आमच्या संकेतस्थळाच्या सर्व्हरवरच व्हिडिओ ठेवला तर?

ठेवू नये. दीड-दोन हजार रुपये वर्षाच्या सामायिक सर्व्हरवर एकाच वेळी वीस जणांनी व्हिडिओ सुरू केला की संकेतस्थळाची बाकीची पानेही रखडतात. ॲमेझॉनच्या साठवण सेवेत थेट फाइल ठेवण्याचा सल्ला काही तंत्रज्ञ देतात. तिची मुंबईतील केंद्रे जवळ आहेत हे खरे, परंतु पहिल्या १०० जीबीनंतर तेथून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीला सुमारे ०.११ डॉलर पडतात, म्हणजे वर सांगितलेल्या ०.०३ च्या साडेतीन पटींहून अधिक.

खानापूरच्या पश्चिमेला रेंज फार कमी असते. तेथील विद्यार्थ्यांना व्हिडिओ नीट दिसेल का?

सेवा कोणती यापेक्षा ती व्हिडिओ कसा पाठवते, यावर हे अवलंबून आहे. चांगली होस्टिंग सेवा आपण चढवलेल्या एका फाइलच्या २४०पीपासून १०८०पीपर्यंत अनेक आवृत्त्या करून ठेवते आणि प्रत्येक आवृत्तीचे काही सेकंदांचे तुकडे पाडते. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस ही पद्धत आता सर्वत्र रुळली आहे. पाहणाऱ्याचा प्लेअर प्रत्येक तुकड्यापूर्वी जोडणीचा वेग पाहतो आणि पुढचा तुकडा कोणत्या आवृत्तीतला मागवायचा ते ठरवतो. त्यामुळे जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या एसटीत बसलेल्या मुलाचे चित्र झाडी दाट होईल तसे अंधुक होते, पण सरांचा आवाज शक्यतो तुटत नाही. साधी फाइल सर्व्हरवर ठेवली तर ही सोय नसते. तेथे मधोमध फिरणारे चाक दिसत राहते.

रेंज मुळीच नसेल तर मात्र यातले काहीच उपयोगी पडत नाही. ज्या क्लासचे बरेच विद्यार्थी अशा गावांतून येतात, त्यांनी ॲपमध्ये व्हिडिओ सुरक्षितपणे उतरवून ठेवण्याची सोय देणारी सेवाच निवडावी.

आमचे निम्मे गिऱ्हाईक मराठी आणि निम्मे कन्नड आहे. दोन व्हिडिओ करावेत की एक?

बोलणे कमी आणि दाखवणे जास्त असेल, तर एकच व्हिडिओ करून त्याला मराठी व कन्नड अशी दोन उपशीर्षके द्यावीत. उपशीर्षकांच्या फाइली काही केबीच्या असतात आणि त्यांचा खर्च जवळजवळ शून्य असतो. बोलूनच समजवायचे असेल, तर दोन भाषांत दोन व्हिडिओ करावेत. खर्च दुप्पट होईल ही भीती येथे अनाठायी आहे: साठवण दुप्पट होते, पण पाहणारा दोन्हींपैकी एकच पाहतो, त्यामुळे पोहोचवण्याचे बिल तेवढेच राहते.

उपशीर्षकांच्या बाबतीत आमच्या भागाची एक खास डोकेदुखी आहे. छपाईची कामे करणारे डीटीपी ऑपरेटर मराठी मजकूर अजूनही श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये आणि कन्नड मजकूर नुडीच्या जुन्या फाँटमध्ये देतात. तो उचलून उपशीर्षकाच्या फाइलमध्ये चिकटवला की पडद्यावर अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा चिवडा दिसतो. मजकूर युनिकोडमध्येच (सर्व यंत्रांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरपद्धतीत) मागावा आणि फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्याच प्रकारात साठवावी. शिवाय कन्नड फाइल कन्नड वाचणाऱ्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय चढवू नये.

विद्यार्थी व्हिडिओ उतरवून टेलिग्रामवर टाकतात. हे थांबवता येते का?

कमी करता येते. पहिला उपाय म्हणजे व्हिडिओ फक्त आपल्याच संकेतस्थळावर चालेल अशी डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याची, अट घालणे. दुसरा, प्रत्येक पाहणाऱ्यासाठी काही तासांनी बाद होणारी लिंक तयार करणे. हे दोन्ही अनेक स्वस्त सेवांतही मिळतात. तिसरा आणि महागडा उपाय डीआरएमचा, म्हणजे व्हिडिओला डिजिटल कुलूप लावण्याचा आहे, ज्यात गूगलचे वाइडवाइन आणि ॲपलचे फेअरप्ले ही कुलपे वापरली जातात. व्हीडीओसायफर ही भारतीय कंपनी मुख्यतः क्लासवाल्यांसाठी हीच सेवा देते.

तथापि एका फोनवर चाललेले व्याख्यान दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने टिपणाऱ्याला कोणतेही कुलूप अडवू शकत नाही. त्यासाठी पाहणाऱ्याचाच मोबाइल नंबर पडद्यावर फिकट अक्षरांत, जागा बदलत फिरता ठेवावा. आमच्या अनुभवात डीआरएमपेक्षा या फिरत्या नंबराचाच धाक अधिक बसतो.

फौंड्रीत व्हिडिओ काढताना काय सांभाळावे?

उद्यमबाग आणि मच्छे येथील कारखानदार परगावच्या खरेदीदाराला मशिन शॉप दाखवण्यासाठी व्हिडिओ करतात. त्यात बहुधा दुसऱ्याच ग्राहकाचे कास्टिंग, त्याचा पार्ट नंबर किंवा भिंतीवर लावलेले ड्रॉइंग दिसते, आणि गोपनीयतेच्या कराराचा भंग होतो. चित्रीकरणाच्या आदल्या संध्याकाळी फलक, ड्रॉइंग आणि तयार माल झाकावा, आणि असा व्हिडिओ पासवर्ड लावूनच पाठवावा. तो पाहणारे महिन्याला जेमतेम पन्नास असतात, तेव्हा येथे दराची चिकित्सा करण्यात अर्थ नाही. पासवर्ड आणि कोणी किती पाहिले याची नोंद ज्या सेवेत मिळते, ती घ्यावी.

फोनवर ४के मध्ये चित्रीकरण करावे का?

आयफोनच्या नव्या फाइल प्रकारात ४के (१०८०पीच्या चौपट ठिपक्यांच्या) व्हिडिओला मिनिटाला सुमारे १७० एमबी आणि १०८०पीला सुमारे ६० एमबी लागतात. दहा मिनिटांची ४के फाइल १.७ जीबीची होते आणि १० एमबीपीएस अपलोड वेगाने ती चढायला सुमारे २३ मिनिटे जातात. पाहणारा ती ७२०पीमध्येच पाहणार असेल, तर १०८०पी पुरे.

पैसे कसे भरायचे आणि जीएसटीचे काय?

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. ते बँकेच्या ॲपमधून सुरू करून घ्यावे लागतात. दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठीही मान्यता नोंदवावी लागते, कापणीपूर्वी किमान २४ तास सूचना येते आणि १५,००० रुपयांवरील रकमेला दरवेळी ओटीपी लागतो. काही परदेशी कंपन्यांची यंत्रणा या नियमांशी जुळत नाही, पैसे कापले जात नाहीत आणि व्हिडिओ बंद पडतो. आगाऊ रक्कम भरून ती संपेपर्यंत वापरण्याची सोय असेल, तर ती घ्यावी. गमलेटसारख्या भारतीय सेवाही दरांच्या तुलनेत जरूर धराव्यात.

जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने परदेशी सेवा घेतली, तर १८ टक्के आयजीएसटी त्याला स्वतः रिव्हर्स चार्जने भरावा लागतो आणि नंतर त्याचे इनपुट क्रेडिट घेता येते, म्हणजे भरलेला कर पुढच्या देण्यातून वजा करता येतो. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला हे क्रेडिट मिळत नाही. त्याने दरात सरळ १८ टक्के मिळवूनच तुलना करावी. ज्यांचे एक दुकान बेळगावात आणि दुसरे कोल्हापुरात आहे, त्यांनी बिलावर २९ ने सुरू होणारा कर्नाटकचा नंबर जातो की २७ ने सुरू होणारा महाराष्ट्राचा, हे पाहावे. क्रेडिट ज्याच्या नावे बिल त्याच्याच खात्यात बसते, आणि वर्षअखेरीस हा गुंता सोडवताना सीए वैतागतो.

डब्यावर क्यूआर कोड छापायचा आहे. कोणती लिंक द्यावी?

स्वतःच्या डोमेनवरची. ही चूक आमच्याच हातून झाली आहे. एका मिठाईच्या दुकानासाठी आम्ही होस्टिंग कंपनीच्या पानाची थेट लिंक क्यूआरमध्ये घातली आणि काही हजार डबे छापून आले. पुढच्या वर्षी सेवा बदलली, जुनी लिंक मेली, आणि उरलेल्या डब्यांवर नव्या कोडचे स्टिकर दुकानातल्या पोरांना दिवाळीच्या तोंडावर एकेक करून चिकटवावे लागले. स्टिकरचे पैसे अर्थातच आम्ही भरले. आता आम्ही दुकानाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर एक छोटे पान करतो, क्यूआर त्या पानाकडे नेतो आणि त्या पानावर व्हिडिओ एम्बेड करतो. होस्टिंग कोणतीही आली-गेली तरी डब्यावरचा कोड बदलावा लागत नाही.

सेवा सोडायची वेळ आली तर व्हिडिओ परत मिळतात का?

काही सेवा मूळ फाइल जशीच्या तशी परत देतात, काही फक्त दाबलेली आवृत्ती देतात, आणि पैसे थकले तर काही ठिकाणी मुदत संपताच फाइली पुसल्या जातात. म्हणून प्रत्येक मूळ चित्रीकरण दोन हार्ड डिस्कवर ठेवावे, त्यांपैकी एक दुकानात आणि दुसरी घरी. सोबत एका वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक व्हिडिओचे नाव, तारीख, भाषा आणि तो कोणकोणत्या पानांवर लावला आहे, याची नोंद करावी. स्थलांतराच्या दिवशी फाइली चढवायला एक रात्र पुरते. कुठला व्हिडिओ कुठे लावला होता हे आठवण्यातच आठवडा जातो.